नऊची घंटागाडी आणि साडेसहाची मजूरगाडी : मुख्याधिकारी साहेबांना खुलं पत्र

मा. मुख्याधिकारी साहेब,
रामराम.

मी एस.टी.तला माणूस. एकतीस वर्षं नोकरी झाली, त्यातली शेवटची बारा वाहतूक नियंत्रक म्हणून. स्टँडवर जाळीच्या खिडकीमागे बसून 'चोपडा कधी लागेल', 'यावल गेली का' या प्रश्नांना दिवसभर उत्तरं देतो ना, तो माणूस. आता निवृत्त आहे. गावाचं नाव पत्रात लिहीत नाही. तुम्हाला ते लागणार नाही, आणि तापीकाठच्या दुसऱ्या एखाद्या गावाला हे आपलंच वाटलं तर वाटू दे.

नाल्याच्या पुलाशेजारी, जुन्या जकात नाक्याच्या खोलीमागे जो उकिरडा आहे, त्याच्याबद्दल लिहितोय. कागदोपत्री अशा जागेला 'कचरा साचण्याची शक्यता असलेलं ठिकाण' म्हणतात, असं तुमच्या स्वच्छता निरीक्षकांनी सांगितलं. शक्यता हा शब्द ऐकून मला पावसाळ्यातला आमचा फळा आठवला. 'गाडी उशिरा येण्याची शक्यता' असं खडूने लिहिलेलं असायचं आणि गाडी चिखलात रुतून बसलेली असायची.

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात. आमच्याचा एका वर्षात तीनदा फिटला. पहिल्यांदा जेसीबी लावून ढीग उचलला, चुना मारला. पंधरा दिवसांत ढीग परत. दुसऱ्यांदा भिंत रंगवली, झाडं, फुलपाखरं आणि हसणारी पृथ्वी काढली, शाळेच्या मुलींकडून रांगोळी काढून घेतली, फोटो झाले. ढीग आठ दिवसांत परत, फक्त पृथ्वीच्या थोडा डावीकडे. तिसऱ्यांदा कॅमेरा आणि दंडाचा फलक लागला. या वेळी मात्र ढीग तिथे आला नाही. तो पुलाच्या पलीकडे, कॅमेऱ्याची नजर संपते तिथून वीस पावलांवर, मरीमातेच्या ओट्यामागे बसला. मधल्या काळात कोणीतरी भिंतीवर देवांच्या फरश्याही चिकटवल्या होत्या. देवाला कचऱ्याच्या राखणीला बसवणं मला पटत नाही, पण ते तुमचं काम नव्हतं, गल्लीतल्या उत्साही मंडळींचं होतं, म्हणून तो विषय इथेच सोडतो.

तुम्ही काही केलं नाही असं मी म्हणत नाही. पूर्वी वॉर्डात घंटागाडी येणं म्हणजे पाहुणा येण्यासारखं होतं, आता ती रोज निघते. सार्वजनिक कचराकुंड्या काढल्या तेही चांगलं झालं. त्या कुंड्यांच्या आत कमी आणि बाहेर जास्त असायचं. माझं म्हणणं वेगळं आहे. तुम्ही तीनदा ढीग उचलला, पण ढीग कोणाचा आहे हे एकदाही कोणी बघितलं नाही.

ते मी बघितलं. निवृत्त माणसाला पहाटे झोप लागत नाही, कंट्रोलरला तर मुळीच नाही. दिवाळीनंतर चौदा दिवस मी पुलाच्या कठड्याजवळच्या सिमेंटच्या बाकावर बसलो. पहाटे साडेचार ते साडेदहा, आणि रात्री नऊ ते बारा. नातवाची जुनी दोनशे पानी वही घेतली आणि आमच्या आवक-जावक नोंदीसारखे रकाने आखले : वेळ, कशावर आले, काय टाकलं. नावाचा रकाना ठेवला नाही. गावात राहायचं आहे.

पहाटे पाचच्या आधी उकिरड्यावर टाकायला कोणी येत नाही, न्यायला येतात. तीन बाया, खांद्यावर प्लास्टिकचं पोतं. बाटल्या, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, लोखंडाचा तुकडा. चौदा दिवसांत मला त्या ढिगात बिअरची एक बाटली दिसली नाही, ठिबकची फाटकी नळीसुद्धा दिसली नाही, एवढा शेतीचा भाग असून. ज्याला भाव आहे ते उकिरड्यावर टिकत नाही. तुमच्या प्रकल्पावर यंत्र लावून जे वेगळं करायचं म्हणतात, त्यातलं निम्मं काम या तिघी अंधारात बॅटरीच्या उजेडात करून जातात. त्यांच्यापैकी एकीच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. पुण्यात अशाच कचरावेचकांची 'स्वच्छ' नावाची सहकारी संस्था 2008 पासून घरोघरचा कचरा गोळा करते. आपल्याकडे या तिघींना कुत्र्यांसारखं हाकलतात, आणि हाकलणारा गणवेशातला असतो.

सव्वापाचला स्टँडकडच्या नाश्त्याच्या गाड्यांची पोरं येतात. चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, कांद्याचा पाचोळा, सगळं एका काळ्या पिशवीत. मग सहा ते साडेसहा हा अर्धा तास. साहेब, हा अर्धा तास तुम्ही एकदा स्वतः बघावा. वहीतल्या निम्म्याहून जास्त नोंदी याच अर्ध्या तासातल्या आहेत.

या येणाऱ्या बाया म्हणजे पुलापलीकडच्या वस्तीतल्या मजूर. डोक्याला रुमाल, हातात भाकरीचं फडकं आणि कचऱ्याची पिशवी, दोन्ही एकाच हातात. चौकात पिकअप उभी असते, कापूस वेचायला घेऊन जाते. पिकअपवाला हॉर्न देतो, बाई पिशवी भिरकावते आणि पळत जाऊन फळीवर चढते. तिसऱ्या दिवशी मी एकीला थांबवून विचारलं. ती थांबली नाही, चालता चालता बोलली :

"आबा, साडेसहाले आमनी गाडी जास. घंटागाडी येस नऊ वाजता. कचरा काय डोकावर लई जाऊ का वावरमा?"

मी म्हटलं, बाई, मग संध्याकाळी परत आल्यावर ठेव, दुसऱ्या दिवशी दे. यावर मात्र ती थांबली.

"एकच खोली शे, आबा. चूल भी तठेच, पोरे भी तठेच."

आणि दुसऱ्या दिवशी तरी गाडी साडेसहाच्या आधी थोडीच येणार होती. माझ्या बोलण्यात अर्थ नव्हता हे तिने मला सांगितलं नाही, एवढा तिचा चांगुलपणा.

एकतीस वर्षं ज्या खात्यात काढली त्यातलंच उदाहरण मला सुचणार. आमच्याकडे अवैध वाहतुकीवर किती सभा झाल्या याला गणती नाही. काळीपिवळीवाले आमचे प्रवासी पळवतात म्हणून स्टँडपासून दोनशे मीटरची रेघ मारायची, पोलिस आणायचे, दंड करायचा. आठवडाभर काळीपिवळी पुढच्या चौकात उभी राहायची. पण ज्या मार्गावर आमची गाडी फलकावर लिहिलेल्या वेळेला लागायची, त्या मार्गावर काळीपिवळी आपोआप मरायची. पाच वाजताची गाडी सहाला येत असेल तर माणूस पाच वाजता काय करेल? मिळेल त्यात बसेल. तुमचा उकिरडा ही कचऱ्याची काळीपिवळी आहे. चोवीस तास उभी, कुठेही थांबते, सुट्टे पैसे मागत नाही.

घंटागाडीच्या ड्रायव्हरशीही मी बोललो. दोष द्यायला नाही, आमच्यातलाच आहे, चाकावरचा माणूस. त्याच्याकडे तीन भाग आणि एक गाडी. निघतो सातला, कारण त्याआधी ठेकेदाराचा माणूस डिझेलची चिठ्ठी देत नाही. आणि खरी गोष्ट त्याने चहा अर्धा झाल्यावर सांगितली. गाडी काट्यावर वजन होते. ठेकेदाराला पैसे वजनाचे, दारांचे नाहीत. घरोघर फिरून गाडी भरायला तीन तास लागतात. उकिरड्यापाशी लावली की दोन माणसं फावड्याने वीस मिनिटांत भरतात, वर ओली माती आली तर वजनाला आणखी बरं. मग तो गल्लीत कशाला आत वळेल? मोठ्या रस्त्याने गाणं वाजवत जातो, जो धावत आला त्याचं घेतो.

म्हणजे बघा, टाकणाऱ्याला उकिरडा सोयीचा, कारण तो वेळ विचारत नाही. उचलणाऱ्याला सोयीचा, कारण तिथे गाडी लवकर भरते. ठेकेदाराला सोयीचा, कारण काट्यावर चांगला उतरतो. स्वच्छता सप्ताह साजरा करणाऱ्यालाही सोयीचाच, आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो मिळतात. इतक्या लोकांच्या सोयीची दुसरी जागा या गावात नाही. ती एका फलकाने कशी हलेल?

आमच्याकडेही एके काळी 'किलोमीटर पूर्ण करा' असा तगादा असायचा. मग गाडी रिकामी पळायची, पण किलोमीटर पूर्ण. ज्या गोष्टीची मोजणी होते ती वाढते, हे मी बारा वर्षं लॉगशीटवर पाहिलेलं आहे. तुम्ही वजन मोजता, वजन वाढतं. दारं मोजा. कोणत्या गल्लीत किती दारांतून कचरा आला, हे मोजणं अवघड नाही. पण ठेक्याच्या कागदावर ते लिहावं लागेल, आणि पुढचा ठेका तुमच्याच सहीने निघणार आहे.

आता रात्रीची पाळी. नऊनंतर चिकनच्या दुकानांची पोती येतात, पिसं आणि आतडी. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, वास तुमच्या बंगल्यापर्यंतही जात असेल. त्यामुळेच तिथे कुत्र्यांची टोळी आहे, आणि रात्रपाळी करून येणाऱ्या पोरांच्या मोटारसायकलीमागे ती धावते. दुकानं मोजून वीस-बावीस असतील. त्यांच्यासाठी रात्री दहाला एक वेगळी गाडी फिरवली तर प्रश्न संपतो. दुकानदार त्याचे पैसे द्यायला तयार आहेत. मी तिघांना विचारलं, तिघंही म्हणाले, गाडी पाठवा.

लग्नसराईचा आणि भरीत पार्ट्यांचा हंगाम याच दिवसांत असतो. आपल्याकडे थंडी पडली की मळ्यात भरीत होणारच. काट्यांवर वांगी भाजायची, बडगीत ठेचायची, कळण्याची पुरी. पूर्वी केळीच्या पानावर जेवण व्हायचं, पानं गुरं खायची, पार्टी संपली की मागे राख तेवढी उरायची. आता चकाकत्या कागदाच्या पत्रावळी, पाण्याचे पाऊच आणि ग्लास. एका रात्री साडेअकराला एका मंगल कार्यालयाचा टेम्पो आला आणि दोनशे-अडीचशे पत्रावळी, वर उरलेला भात, असं सगळं नाल्याच्या उतारावर ओतून गेला. परवाना नसलेल्या ठिकाणी शंभरापेक्षा जास्त माणसांचा कार्यक्रम असेल तर तीन कामाचे दिवस आधी नगरपालिकेला कळवायचं आणि कचरा जागेवरच वेगळा करायचा, हे 2016 च्या घनकचरा नियमांनी लिहून ठेवलं. गावात लग्नाची परवानगी लाऊडस्पीकरसाठी घेतात, मिरवणुकीसाठी घेतात. कचऱ्यासाठी अर्ज घेऊन तुमच्याकडे आजपर्यंत किती वरबाप आले?

त्याच नियमांत घरोघर जाऊन कचरा घ्यायचा, झोपडपट्ट्या आणि अनधिकृत वस्त्यांसह, असंही स्पष्ट लिहिलं होतं. पुलापलीकडची वस्ती अनधिकृत आहे म्हणून गाडी आत जात नाही, असं मला एका कर्मचाऱ्याने सांगितलं. वस्ती अनधिकृत असेल. तिथला कचरा मात्र एकदम अधिकृतपणे आपल्या नाल्यात येतो.

आणि आता ट्रॉल्या. हे जरा सावकाश सांगतो, कारण यात मी आहे.

रात्री अकरा-साडेअकराला, लाइट बंद करून, मागे नंबर नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली येते. विटांचे तुकडे, जुनं प्लास्टर, फुटके संडासाचे भांडे, फरश्या. हायड्रॉलिक उचलतं, धप्पकन आवाज होतो, आणि पाच मिनिटांत ट्रॅक्टर गेलेला असतो. चौदा दिवसांत अशा अकरा ट्रॉल्या मी मोजल्या. हा मलबा उकिरड्यावर पडत नाही हे लक्षात घ्या. तो नाल्याच्या काठावर, एका ओळीत, बेताबेताने पडतो. वरून कोणीतरी फावड्याने सपाट करतो. दोन-तीन पावसाळे गेले की तिथे जागा तयार होते. जागेवर आधी पानटपरी येते, मग पत्र्याचं शेड, मग शेडला मीटर. नाला होता बारा-तेरा पावलं रुंद, आता सात भरतो. गेल्या आषाढात एका रात्रीच्या पावसात पाणी आमच्या गल्लीत गुडघाभर होतं ते याच्यामुळे. याला कचरा टाकणं म्हणत नाहीत, साहेब. हे प्लॉट पाडणं आहे, फक्त मोजणीखात्याला न सांगता.

दहाव्या दिवशी सकाळी उजाडल्यावर मी त्या काठावरून खाली उतरलो. काठीने ढीग उकरत होतो. खालच्या थरात हिरव्या फरश्यांचे तुकडे दिसले, त्यावर पांढरी वेल आणि एका कोपऱ्यात जळाल्याचा डाग. तो डाग मी ओळखला. तो आमच्या बंबाचा. तीन वर्षांपूर्वी मी न्हाणीघर पाडून नवं केलं. मिस्त्रीने ट्रॅक्टरवाला आणून दिला, दोन ट्रॉल्या मलबा, मी त्याला चौदाशे रुपये दिले. कुठे टाकणार, हे विचारलं नाही. म्हणजे विचारायचं सुचलं नाही असं मी घरात सांगितलं, पण खरं हे आहे की विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. जन्मभर लोकांना 'गाडी कुठे जाते' हे सांगणाऱ्या माणसाने एवढंच विचारलं नाही.

विचारलं असतं तरी दुसरी जागा होती कुठे? बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्यासाठीही 2016 मध्येच स्वतंत्र नियम झाले. स्थानिक संस्थेने त्यासाठी जागा आणि कंटेनर ठेवायचे, वेळच्या वेळी उचलायचे, असं त्यात होतं. आपल्या गावात मलबा टाकायची अधिकृत जागा मला कोणीही दाखवू शकलं नाही. मी बांधकाम विभागात विचारलं, त्यांनी आरोग्य विभागात पाठवलं, आरोग्यवाल्यांनी विचारलं, "तुमचा किती आहे?" मी म्हटलं, दोन ट्रॉल्या. तो हसला, म्हणाला, "एवढ्यासाठी काका कशाला फिरता?" मी काही बोललो नाही, जिना उतरलो.

माझी पुतणी इंदूरला दिलेली आहे. शिरपूर, सेंधव्यावरून जाणारी ती गाडी मी कित्येक वर्षं फलाटाला लावली, आता तिच्यातच बसून जातो. इंदूरचं कौतुक ऐकून तुमचे कान किटले असतील, 2017 पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिला नंबर, ओल्या कचऱ्यापासून गॅस करायचा रोज 550 टनांचा प्रकल्प, वगैरे. तो प्रकल्प आपल्याला परवडणारा नाही आणि मला त्यातलं कळतही नाही. मी बघितलं ते पुतणीच्या दारात. गाडी यायची वेळ झाली की शेजारच्या चार बाया ओला-सुका वेगळा डबा घेऊन ओट्यावर येऊन उभ्या. गाडीची वाट पाहत होत्या, म्हणजे गाडी येणार याची खात्री होती. आपल्याकडे घंटागाडीची वाट कोण पाहतं? आपण तिचा आवाज ऐकून चप्पल शोधतो, तोवर ती कोपऱ्यावर.

इंदूर मोठं शहर म्हणून सोडून द्या. कोकणातलं वेंगुर्लं ही आपल्यासारखीच, खरं तर आपल्याहून लहान नगरपरिषद. त्यांनी आपल्या डंपिंग ग्राउंडचं असं काही केलं की लोक ते बघायला जातात. घरात कचरा वेगळा करायचा आणि वेगळाच उचलायचा, एवढंच धरून बसले. आपल्याकडे मी घरात दोन डबे ठेवतो आणि गाडीवाला ते दोन्ही एकाच हौद्यात पालथे करतो. बायको म्हणते, मग दोन डबे घासायचे कशाला? तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही, तुमच्याकडे असेल तर कळवा.

लांब कशाला जा. माझं आजोळ साक्री तालुक्यातलं, पांझरेकाठचं. तिथे फड असायचे. बंधाऱ्यातून पाट निघायचा आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. हंगामाच्या आधी पाटातला गाळ काढायला ज्याची जमीन त्याने माणूस पाठवायचा, श्रीमंत असो की विधवा बाई. पाटकरी पाणी सोडायचा, जागल्या राखण करायचा, वर हवालदार. शेकडो वर्षं चाललं ते. माझे मामा सांगायचे, पाटकरी पाळी चुकवत नसे, रात्री दोनची पाळी म्हणजे दोनला पाणी शेवटच्या वावराच्या बांधावर. म्हणून शेवटचा शेतकरीही गाळ काढायला यायचा. पाणी पोचलं नसतं तर आला असता का? त्याने पाट फोडला असता. आपली पुलापलीकडची वस्ती म्हणजे पाटाचं शेवटचं वावर आहे. पाळी तिथे पोचत नाही, आणि आपण म्हणतो, लोकांना शिस्त नाही.

शिस्तीचंही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा सगळं नगरपालिकेवर ढकलतो. नोंदवहीत पाच-सहा नोंदी अशा आहेत की त्यांना कोणतंही कारण नाही. घरासमोर रोज गाडी थांबते, माणूस सुशिक्षित, स्कूटर चालू ठेवून पायाशी ठेवलेली पिशवी एका हाताने फेकतो आणि मॉर्निंग वॉकला जातो. एकजण तर फेकून झाल्यावर मरीमातेला हात जोडायचा. यांना दंड करा, जरूर करा, माझी हरकत नाही. पण चौदा दिवसांतले ते पाच-सहा. दंडाच्या पावत्या मात्र, मला कळलं त्याप्रमाणे, फाटल्या त्या वस्तीतल्या बायांच्या, कारण त्या पायी येतात आणि पकडायला सोप्या पडतात. एका पावतीत तिची कापसाची मजुरी गेली. ट्रॉलीवाल्याची एकही पावती नाही, तो अंधारात येतो आणि कॅमेऱ्याला नंबर दिसत नाही.

आणखी एक, जाळण्याचं. सकाळी झाडूवाली मंडळी पाला आणि प्लास्टिक एकत्र करून तिथेच काडी लावतात. उघड्यावर कचरा जाळला तर पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर पंचवीस हजार, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये दिला. आता झाडणाऱ्यांना पंचवीस हजार कोण लावणार, आणि का लावावेत? त्यांच्याकडे ढकलगाडी नाही, तिचं चाक गेल्या वर्षीच निघालं. हातमोजे नाहीत. पाला न्यायचा कुठे, हे कोणी सांगितलेलं नाही. बाहेरच्या बायपासवर मात्र केळीच्या घडांना घालायच्या निळ्या पिशव्या पेटवतात तेव्हा तो धूर वेगळाच असतो, डोळ्यांना लागतो. पूर्वी बागेतून फक्त खांब आणि पानं बाहेर पडायची, ती कुजायची. निर्यातीच्या केळीबरोबर हे नवं आलंय, आणि त्याचं काय करायचं हे बागवाल्यांनाही कोणी शिकवलं नाही. हा विषय तुमच्या हद्दीबाहेर सुरू होतो हे मान्य. धूर हद्दीत येतो.

मागायचं आहे ते थोडं आहे. पुलापलीकडच्या वस्तीत सकाळी सव्वापाच ते सव्वासहा एक छोटी गाडी, कापूस, केळी, हरभरा, ज्या हंगामात मजूरगाड्या ज्या वेळी सुटतात त्या वेळेशी जोडून. वेळ हंगामाप्रमाणे बदला, पण बदलली की चौकात लिहा. आम्ही आगारात उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रक लावायचो, त्यात काही अवघड नाही. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी गाडीची वेळ रंगवा, फुलपाखरांच्या शेजारी रंगवली तरी चालेल. गाडी रद्द असेल तर तसं कळवा. 'फेरी रद्द' असं लिहायला आम्हाला कधी लाज वाटली नाही, न लिहिता प्रवाशाला उभं ठेवण्याची वाटायची. मलब्यासाठी एक जागा ठरवा आणि बांधकाम परवाना देतानाच ट्रॉलीचे पैसे भरून घ्या, म्हणजे माझ्यासारख्याला विचारायचं विसरता येणार नाही. आणि नाल्याची मोजणी लावा. ती लावली की काही फोन येतील तुम्हाला, ते कोणाचे येतील हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत.

बदली तुमची कधीही होऊ शकते, हे मला कळतं. नवीन साहेब आले की पुन्हा जेसीबी, पुन्हा चुना. म्हणून हे पत्र खुलं लिहिलं, दफ्तरात एकट्या तुमच्यापाशी राहू नये.

वही माझ्याकडे आहे, चौदा दिवसांची, अक्षर वाचता येईल असं आहे. ती बघायला आलात तर येताना पावतीपुस्तकवाल्यालाही सोबत आणा. हिरव्या फरश्यांच्या दोन ट्रॉल्यांचा जो काय दंड होत असेल तो माझ्या नावावर फाडायचा आहे. साडेदहानंतर घरी असतो. त्याआधी पुलावरच्या बाकावर, आणि तिथे दोघांना बसायला जागा आहे.

आपला,
पुलाजवळ राहणारा एक निवृत्त वाहतूक नियंत्रक